ट्रॅक्टरचा स्टार्टर : दुरुस्त करावा कीं नवा घ्यावा ?

ज्या घरीं ट्रॅक्टर आहे त्या घरीं हा प्रसंग केव्हां ना केव्हां येतोच. मृगाचा पाऊस होऊन जमिनीस वाफसा आलेला असतो, बियाणें व खत बांधावर येऊन पडलेलें असतें, मजुरांस सांगावा गेलेला असतो, आणि किल्ली फिरवितांच यंत्रांतून ‘टक्’ असा एक आवाज होऊन सर्व कांहीं जागच्या जागीं राहतें. वाफसा कोणाची वाट पाहत नाहीं. मालक घाईनें तालुक्याच्या दुकानीं जातो, दुकानदार ‘सेल्फ गेला, नवा टाका’ असें सांगतो, आणि विचारास उसंत न मिळतां मोठी रक्कम हातची जाते. नवा स्टार्टर बसविल्यावर दुसऱ्या दिवशीं पुन्हां तोच ‘टक्’ आवाज आला, असेंही आम्हीं पाहिलें आहे. याच्या उलट, एकच जीर्ण स्टार्टर वर्षांतून तीन तीन वेळां उघडून घेणारे व शेवटीं भाड्याच्या ट्रॅक्टरनें पेरणी उरकणारे गृहस्थही आमच्या परिचयाचे आहेत. एकानें गरज नसतां नवा घेतला, दुसऱ्यानें गरज असतां घेतला नाहीं. दोघांचेंही नुकसान एकाच कारणानें झालें. तें हें कीं, निर्णयापूर्वीं चौकशी झाली नाहीं.

महसुलाच्या कामांत पंचनामा झाल्यावांचून नुकसानीची रक्कम ठरत नाहीं. यंत्राच्या कामांतही तोच क्रम ठेवावा. आधीं दोष कोठें आहे तें पाहावें, मग तो किती आहे तें पाहावें, आणि शेवटीं खर्चाचा निर्णय करावा. प्रस्तुत लेखांत आम्ही याच क्रमानें विवेचन करणार आहों.

१. स्टार्टरचें काम

डिझेल इंजिन आपणहून फिरूं लागत नाहीं. सिलिंडरांतील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारें सोळाव्या ते अठराव्या हिश्श्यापर्यंत दाबली गेली म्हणजे ती इतकी तापते कीं, तींत शिंपडलेलें डिझेल पेट घेतें. हा पहिला दाब देण्यासाठीं इंजिन बाहेरून फिरवावें लागतें. विहिरीवरील ऑइल इंजिन हॅंडल मारून सुरू करण्याचे श्रम ज्यांनीं केले आहेत त्यांस या कामाला किती बळ लागतें हें सांगावयास नको. मोटारगाडीसही पूर्वीं असेंच हॅंडल मारावें लागे, आणि तें उलटून मनगटें मोडत. अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यांनीं १९११ सालीं विजेवर चालणारा स्टार्टर सिद्ध केला, व कॅडिलॅक कंपनीच्या १९१२ च्या गाड्यांस तो प्रथम बसविण्यांत आला. आज ट्रॅक्टरवर जो ‘सेल्फ’ आपण पाहतों तो त्याचाच वंशज होय.

याचीं मुख्य अंगें थोडींच आहेत. मधोमध फिरणारें आर्मेचर. त्याच्या एका टोकास तांब्याच्या पट्ट्यांचा कॉम्युटेटर. त्यावर टेकून वीज पोंचविणारे कार्बन. आर्मेचरभोंवतीं फिल्ड कॉइल अथवा, कांहीं नव्या जातींत, कायमचे लोहचुंबक. आर्मेचरचा दांडा ज्यांत फिरतो ते दोन किंवा तीन बुश. दुसऱ्या टोकास लहान दांतेरी चाक, म्हणजे पिनियन, ज्यास कारागीर त्याच्या क्लचसह ‘बेंडिक्स’ म्हणतात. आणि पाठीवर सोलेनॉइड. किल्ली फिरविली कीं सोलेनॉइड दोन कामें करतो. तो पिनियन पुढें ढकलून फ्लायव्हीलवरील दांतेरी कड्यांत अडकवितो, आणि त्याच वेळीं आंतील तांब्याचे दोन जाड संपर्क जोडून बॅटरीची वीज मोटारीस देतो. इंजिन सुरू झालें कीं बेंडिक्सचा क्लच मोटारीस इंजिनाच्या वेगापासून वांचवितो, आणि किल्ली सोडतांच पिनियन मागें येतें.

एक आंकडा मात्र प्रत्येकानें लक्षांत ठेवावा. ट्रॅक्टरचा एक दिवा ५५ वॅटचा धरला तर १२ व्होल्टवर तो सुमारें साडेचार अँपिअर वीज घेतो. स्टार्टर मात्र इंजिन फिरवितांना २०० अँपिअर व त्याहूनही अधिक घेतो. म्हणून ज्या सांध्यांतून दिवा उत्तम पेटतो त्याच सांध्यांतून स्टार्टर चालेल असें नाहीं. एखाद्या गंजलेल्या टर्मिनलांत ओहमच्या केवळ शंभराव्या हिश्श्याइतका विरोध असला, तरी २०० अँपिअर जातांना तेथें २ व्होल्ट खर्ची पडतात. बारांतील दोन वाटेंतच गेले म्हणजे मोटारीच्या वांट्यास उरतें काय? या एका गणितांत निम्म्या तक्रारींचें मूळ आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं.

२. दोष स्टार्टरचाच आहे काय?

‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ ही म्हण या विषयास जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या विषयास पडेल. म्हणून स्टार्टरचा एकही नट सैल करण्यापूर्वीं पुढील परीक्षा कराव्या. परीक्षेच्या वेळीं गिअर न्यूट्रलमध्यें असावा, हातब्रेक ओढलेला असावा, आणि इंजिन बंद करण्याचा खटका ओढून ठेवावा, म्हणजे तें फिरेल पण सुरू होणार नाहीं.

पहिली परीक्षा दिव्याची. पुढचे दिवे लावून एका माणसास समोर उभें न करतां बाजूस उभें करावें व किल्ली फिरवावी. दिवे एकदम विझले तर बॅटरी रिकामी आहे किंवा तिचे टर्मिनल सैल अथवा गंजलेले आहेत. दिवे जसेच्या तसे तेजस्वी राहिले व स्टार्टर मुका राहिला, तर वीज स्टार्टरपर्यंत पोंचतच नाहीं, किंवा पोंचून आंत कार्बनपाशीं तुटते आहे. दिवे पुष्कळ मंद झाले व इंजिन जेमतेम हललें, तर एक तर बॅटरी अशक्त आहे, नाहीं तर आर्मेचर अथवा खुद्द इंजिन अडकत आहे.

दुसरी परीक्षा बॅटरीची. रात्रभर स्वस्थ राहिलेल्या भरल्या बॅटरीचा दाब मल्टीमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतो, १२.२ दिसला तर ती सुमारें अर्धीच भरलेली आहे. स्टार्टर फिरत असतां हा दाब ९.६ व्होल्टच्या खालीं जाऊं नये. पाण्याच्या बॅटरीस हायड्रोमीटर लावून पाहावा. द्रवाचें मान १.२५० च्या आसपास असल्यास ती भरलेली समजावी. सहा घरांपैकीं एकाचें मान इतरांहून ०.०५० किंवा अधिक कमी भरलें तर तें घर मेलेलें आहे व बॅटरीच बदलली पाहिजे. अशा बॅटरीवर नवा स्टार्टर बसविणें म्हणजे थकल्या बैलास नवें जूं घालणें होय.

तिसरी परीक्षा तारांची, आणि हीच बहुतेक कोणी करीत नाहीं. मल्टीमीटरची एक सुई बॅटरीच्या धन खांबावर व दुसरी स्टार्टरच्या मोठ्या बोल्टवर टेकवून किल्ली फिरवावी. कांटा अर्ध्या व्होल्टहून अधिक दाखवील तर त्या वाटेंत दोष आहे. तसेंच ऋण खांब व स्टार्टरची उघडी धातूची अंगयष्टि यांमध्यें पाहावें, तेथें ०.३ व्होल्टहून अधिक नसावें. आमच्या शेजारच्या गांवीं उसाची वाहतूक करणाऱ्या एका ट्रॅक्टरास दुकानदारानें नवा स्टार्टर सांगितला होता. तारा पाहिल्या तों अर्थची पट्टी जेथें चासीस जोडली होती तेथें रंग व गंज यांचा थर निघाला. पट्टी सोडवून, धातु चकचकीत घासून पुन्हां घट्ट बसवितांच इंजिन पहिल्या किल्लींत सुरू झालें. खर्च झाला तो एका काचकागदाचा व अर्ध्या तासाचा.

चौथी परीक्षा सुरक्षा खटक्याची. पुष्कळ ट्रॅक्टरांत क्लच दाबल्याखेरीज अथवा गिअर न्यूट्रलमध्यें असल्याखेरीज स्टार्टरास वीज मिळत नाहीं. हा खटका चिखलानें अडकला किंवा त्याची वायर निसटली म्हणजे अगदीं निरोगी स्टार्टरही निपचित पडतो.

पांचवी परीक्षा इंजिनाची. क्रँकच्या पुलीवर पाना लावून इंजिन हातानें फिरतें कीं नाहीं तें पाहावें. पुरांत बुडालेल्या ट्रॅक्टरास तर ही परीक्षा केल्यावांचून किल्ली लावूंच नये. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णा व पंचगंगा यांच्या कांठीं जो महापूर आला तसा प्रसंग ओढवला असतां सिलिंडरांत पाणी शिरलेलें असण्याचा संभव असतो. पाणी दबत नाहीं. स्टार्टरनें जोर केल्यास कनेक्टिंग रॉड वांकतो, व शेकड्यांचें काम लाखाच्या घरांत जाऊं शकतें.

आवाजावरूनही पुष्कळ कळतें. ‘टकटकटक’ असा भरभर आवाज बॅटरीची अशक्तता किंवा सैल टर्मिनल सुचवितो. एकच जड ‘टक्’ व पुढें शांतता, आणि बॅटरी व तारा उत्तम, असें असल्यास सोलेनॉइडचे संपर्क जळालेले असावे किंवा कार्बन झिजलेले असावे. मोटार ‘घूं’ करून फिरते पण इंजिन हलत नाहीं, तर बेंडिक्सचा क्लच घसरतो आहे. ‘खर्र’ असा दांत घासल्याचा आवाज पिनियनचे अथवा फ्लायव्हीलच्या कड्याचे दांते गेल्याचें लक्षण होय. इंजिन सुरू झाल्यावरही स्टार्टर फिरतच राहिला तर सोलेनॉइडचे संपर्क चिकटले आहेत. अशा वेळीं क्षणाचा विलंब न लावतां इंजिन बंद करून बॅटरीची अर्थ सोडवावी, नाहीं तर मोटार जळून जाते. आणि इंजिन जोरानें फिरतें परंतु सुरू होत नाहीं, असें असेल तर स्टार्टरास दोष देऊं नये. दोष डिझेलच्या वाटेंत, बहुधा हवा धरण्यांत, शोधावा.

३. स्टार्टर उघडल्यावर

वरील परीक्षांतून स्टार्टरच दोषी ठरला, तर तो उतरवून वाइंडिंगवाल्याकडे न्यावा, परंतु तेथें टाकून येऊं नये. समक्ष उघडून पाहावा. उतरवितांना प्रथम बॅटरीची अर्थची तार सोडवावी व बसवितांना ती सर्वांच्या शेवटीं जोडावी, हा नियम मोडूं नये.

आंत पाहावयाच्या गोष्टी या : कार्बन मूळ लांबीच्या निम्म्याहून कमी राहिले असल्यास बदलावे, हें सर्वांत स्वस्त काम होय. कॉम्युटेटर नुसता काळा पडला असेल तर बारीक काचकागदानें स्वच्छ होतो. एमरीचा कागद वापरूं नये, कारण त्याचे कण पट्ट्यांच्या फटींत बसून वीज वाहूं लागतात. कॉम्युटेटरास खोबणी पडली असल्यास लेथवर एक हलका हात देऊन पट्ट्यांमधील अभ्रक खालीं खरवडावें लागतें. आर्मेचरच्या अंगावर घासल्याच्या चकचकीत खुणा दिसल्या तर बुश झिजून आर्मेचर बाजूस टेकत होतें असें समजावें. बुश बदलल्यानें हा दोष जातो, मात्र वेळींच बदलले पाहिजेत. जळक्या लाखेचा वास, काळवंडलेल्या तारा, किंवा डाख वितळून आवरणाच्या आंत शिंतोडे उडालेले, यांपैकीं कांहीं दिसलें तर वाइंडिंग जळालें आहे व काम मोठें आहे.

दोन सूचना येथें अवश्य कराव्याशा वाटतात. बेंडिक्स डिझेल अथवा पेट्रोलमध्यें बुडवून धुऊं देऊं नये. त्याच्या क्लचमध्यें कारखान्यांतच ग्रीस भरलेलें असतें, तें निघून गेलें कीं क्लच थोड्याच दिवसांत घसरूं लागतो. दुसरी गोष्ट, अडलेल्या स्टार्टरास हातोडीनें ठोकण्याची चाल फार आहे. ठोक्यानें झिजलेले कार्बन क्षणभर टेकतात व काम निभतें हें खरें. परंतु ज्यांत कायमचे लोहचुंबक बसविलेले असतात त्या स्टार्टरांत असा ठोका चुंबकास तडा पाडतो, आणि चार आण्यांचा दोष सोळा आण्यांचा होतो.

४. खर्चाचा हिशेब

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. पिकाची आणेवारी, जिला आतां पैसेवारी म्हणतात, ती ज्या रीतीनें काढतात तिचाच उपयोग येथें करावा. नव्या, चांगल्या प्रतीच्या स्टार्टरची त्या दिवशींची किंमत सोळा आणे धरावी. दुरुस्तीचा अंदाज त्या मानानें किती आणे पडतो तें काढावें. सर्वसाधारण नियम असा कीं, दुरुस्ती आठ आण्यांच्या आंत असेल तर दुरुस्तीचा विचार करावा. आठ आण्यांवर गेली तर नव्याचा. परंतु हा नियम म्हणजे नुसता उंबरठा होय. निकाल पुढील गोष्टी पाहून द्यावा.

पहिली गोष्ट, दर वर्षास पडणारा खर्च. उदाहरणार्थ समजा, नवा स्टार्टर आठ वर्षें टिकतो. म्हणजे वर्षास दोन आणे पडले. कार्बन व बुश बदलण्यास तीन आणे लागले व त्यावर दोन वर्षें निघालीं, तर वर्षास दीड आणा पडला, दुरुस्तीच श्रेयस्कर. परंतु आर्मेचर नव्यानें गुंडाळणें, सोलेनॉइड व बेंडिक्स मिळून दहा आणे लागले आणि त्यावर तीन वर्षें निघालीं, तर वर्षास तीन आण्यांहून अधिक पडले. तेथें नवा घेणेंच हिताचें. हे आंकडे केवळ रीत दाखविण्यासाठीं घेतले आहेत; प्रत्येकानें आपल्या गांवचे भाव घालून हिशेब करावा.

दुसरी गोष्ट, मागील दुरुस्त्या. गेला पैसा नव्या हिशेबांत धरूं नये. ‘एवढे घातले, आतां आणखी थोडे घालूं’ हा विचार फसवा आहे, कारण घातलेले पैसे दोन्ही मार्गांनीं परत येत नाहींत. परंतु गेल्या दुरुस्त्यांची संख्या मात्र अवश्य पाहावी, कारण ती यंत्राची प्रकृति सांगते. दोन वर्षांत तिसऱ्यांदां उघडावा लागणारा स्टार्टर पुढेंही तसाच वागणार. यासाठीं ट्रॅक्टरच्या पेटींत एक लहान वही ठेवून प्रत्येक दुरुस्तीची तारीख, बदललेला भाग व खर्च लिहून ठेवावा. ज्याप्रमाणें सातबारा पाहिल्यावांचून जमिनीचा व्यवहार आपण करीत नाहीं, त्याप्रमाणें वही पाहिल्यावांचून स्टार्टरचा निर्णय करूं नये.

तिसरी गोष्ट, हंगाम. उन्हाळ्यांत ट्रॅक्टर आठ दिवस उभा राहिला तर फारसें बिघडत नाहीं. म्हणून संशयित स्टार्टर वैशाखांतच उघडून घ्यावा. ऐन पेरणींत अथवा ऊसतोडणींत मात्र एक दिवस थांबण्याची किंमत हिशेबांत मिळवावी लागते. भाड्याच्या ट्रॅक्टरचें एका दिवसाचें भाडें व बसून राहिलेल्या मजुरांची मजुरी दुरुस्तीच्या खर्चांत घालून मग आणे मोजावे. कित्येक वेळां सात आण्यांची दुरुस्ती अशा रीतीनें अकरा आण्यांची ठरते. हंगामांत नवा बसवून जुना सावकाश दुरुस्त करून घरीं ठेवणें, हा ज्यांचेकडे एकाच जातीचे दोन ट्रॅक्टर आहेत त्यांस फार सोयीचा मार्ग आहे.

चौथी गोष्ट, कारागीर. तालुक्याच्या गांवीं कसबी वाइंडिंगवाला असेल व तो कांहीं महिन्यांची हमी लेखी देत असेल, तर दुरुस्तीचें वजन वाढतें. नुसत्या तोंडी हमीवर आर्मेचर गुंडाळून घेण्यापेक्षां तयार आर्मेचर घालणें पुष्कळदां बरें.

पांचवी गोष्ट, फ्लायव्हीलचें कडें. इंजिन बंद होतांना दाबामुळें तें दर वेळीं त्याच त्या ठिकाणीं थांबतें. चार सिलिंडरांत अशीं दोन ठिकाणें असतात, तीन सिलिंडरांत तीन. म्हणून कडें सर्व बाजूंनीं सारखें न झिजतां त्या त्या जागीं झिजतें. स्टार्टर कधीं धरतो, कधीं खरखरतो, आणि इंजिन हातानें थोडें फिरविल्यावर पुन्हां नीट धरतो, असें असेल तर कडें गेलें असें समजावें. त्यावर नवा स्टार्टर बसविला तर त्याचेंही पिनियन लवकर खराब होईल. कडें बदलण्यास ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो. म्हणून हें काम क्लच प्लेटच्या कामाबरोबर एकदांच करून घ्यावें, म्हणजे फोडण्याची मजुरी दोनदां पडत नाहीं.

५. नवा घेतांना

जुना स्टार्टर बरोबर घेऊन जावा. पिनियनच्या दांत्यांची संख्या, फिरण्याची दिशा, व्होल्ट, किलोवॅट, बोल्टांची भोकें व त्यांमधील अंतर हीं सर्व जुळलीं पाहिजेत. एका दांत्याचा फरक असला तरी कडें खराब होतें. नव्या जातींत आंत गिअर असलेले स्टार्टर मिळतात. ते वजनानें हलके असून त्याच कामास कमी वीज घेतात, व जुन्या बॅटरीवर त्यांचा ताण कमी पडतो. कारखान्याच्या परिपत्रकांत आपल्या ट्रॅक्टरास तो चालतो असें असेल तरच घ्यावा. खोक्यावरील नांव पाहून भुलूं नये. नकली माल या धंद्यांत पुष्कळ आहे. पक्की पावती व हमीचा कागद घ्यावा, आणि त्यावर ट्रॅक्टरचा नंबर लिहून घ्यावा. दुरुस्त करून बदलीवर मिळणारा स्टार्टर हा तिसरा मार्गही आहे. तो घेतांना कोणते भाग नवे घातले हें लिहून मागावें, आणि दुकानदार लिहून देत नसेल तर तो स्टार्टर घेऊं नये.

६. जिवाची गोष्ट

आतांपर्यंत पैशाचा विचार झाला. परंतु याहून मोठी एक गोष्ट सांगितल्यावांचून लेख पुरा होणार नाहीं. स्टार्टर नीट चालत नाहीं म्हणून जमिनीवर उभें राहून सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर पेचकस टेकवून ट्रॅक्टर सुरू करण्याची चाल गांवोगांव पडली आहे. या कृतीनें सुरक्षा खटका वगळला जातो. गिअर पडलेला असेल तर इंजिन सुरू होतांच ट्रॅक्टर पुढें जातो, आणि पेचकस धरणारा माणूस बरोबर मागल्या मोठ्या चाकाच्या वाटेंत उभा असतो. अशा रीतीनें शेतकरी चाकाखालीं सांपडून मेल्याचीं उदाहरणें देशोदेशीं झालीं आहेत. ‘गिअर न्यूट्रलमध्यें आहे हें मला ठाऊक आहे’ असें प्रत्येकासच वाटत असतें. शेजारीं खेळणाऱ्या मुलानें दांडा हलविला असेल, हें मात्र ठाऊक नसतें.

जो स्टार्टर पेचकसावांचून चालत नाहीं तो आण्यांच्या हिशेबांत बसवूंच नये. तो त्या दिवशीं दुरुस्त करावा अथवा बदलावा. आणि तोपर्यंत ट्रॅक्टर उभा ठेवावा. तसेंच, सुरू होण्याची खात्री नाहीं म्हणून ट्रॅक्टर उतारावर लावून दगडाच्या आधारानें ठेवणें हेंही तितकेंच घातक होय. आपण स्वतः सावध असतों असें धरलें, तरी ट्रॅक्टर चालविणारा गडी किंवा घरांतील तरुण मुलगा हीच रीत पाहून शिकतो, याचा विचार मालकानें करावा.

बॅटरीजवळ विडी ओढूं नये, किंवा पाना दोन्ही खांबांस लागूं देऊं नये. चार्ज होत असतां बॅटरींतून निघणारा हायड्रोजन वायु ठिणगीनें भडकतो.

७. आयुष्य वाढविण्याचे उपाय

किल्ली एका वेळीं दहा-पंधरा सेकंदांहून अधिक धरूं नये, व दोन प्रयत्नांत निदान एक मिनिट विश्रांति द्यावी. बहुतेक आर्मेचर झिजून मरत नाहींत, तीं तापून मरतात. इंजिन चालू असतां किल्ली पुन्हां फिरवूं नये. थंडीच्या दिवसांत हीटर असल्यास त्यास पुरता वेळ द्यावा. बॅटरींत केवळ शुद्ध केलेलें पाणी घालावें, विहिरीचें अथवा नळाचें नव्हे; टर्मिनल महिन्यांतून एकदां घासून व्हॅसलिन लावावें, आणि बॅटरी पट्टीनें घट्ट बांधावी. भातखाचरांत चिखलणी करणाऱ्यांनीं हंगाम संपतांच स्टार्टर उतरवून आंतील गाळ काढून घ्यावा. धुतांना जोराच्या पाण्याचा झोत स्टार्टरवर धरूं नये. ट्रॅक्टर दोन-चार मिनिटांसाठींच थांबवावयाचा असेल तर इंजिन बंद करून पुन्हां चालू करण्याचा मोह आवरावा. स्टार्टरचें आयुष्य वर्षांनीं कमी आणि सुरू केल्याच्या संख्येनें अधिक मोजलें जातें.

सारांश

प्रथम बॅटरी, तारा, खटका व इंजिन पाहावें. त्यानंतर स्टार्टर उतरवावा. उघडलेला स्टार्टर समक्ष पाहावा. कार्बन, बुश, सोलेनॉइड अथवा बेंडिक्स यांपैकीं एखादाच भाग गेला असेल व बाकी शरीर निरोगी असेल, तर दुरुस्त करावा. वाइंडिंग जळालें असेल, एकाहून अधिक मोठे भाग गेले असतील, दुरुस्ती आठ आण्यांवर जात असेल, किंवा वहींत दोन वर्षांत तिसरी नोंद होत असेल, तर नवा घ्यावा. कडें झिजलें असल्यास आधीं कडें बदलावें. आणि कोणत्याही हिशेबासाठीं, कोणत्याही घाईंत, पेचकसानें ट्रॅक्टर सुरू करूं नये. पेरणी एक दिवस मागें पडली तर ती पुढल्या वाफशास होते, परंतु गेलेला माणूस परत येत नाहीं.

वाचकांपैकीं ज्यांनीं अशी वही ठेविली असेल त्यांनीं आपल्या स्टार्टरवर किती वर्षांत किती खर्च झाला तें कळविल्यास सर्वांच्या उपयोगी पडेल.